ज्यांच्या गाडीनं उडवलं, तेच भेटायला यायचे

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक आहे. त्यावर बसलेली माणसं एकमेकांना दोन प्रश्न विचारतात. पहिला, कुठं मोडलं? दुसरा, वकील केला का? पहिल्याचं उत्तर सगळे हौसेनं देतात, सळई किती लांबीची ते हातानं दाखवतात. दुसऱ्याला मात्र नीट उत्तर कुणी देत नाही. चार महिने मी त्या बाकावर बसले, मलाही कुणी दिलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. कायदा मला समजत नाही. माझ्या बाबतीत काय झालं, तेवढं सांगते.

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. किनवटकडच्या एका निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका, कंत्राटावर. लग्न केलं नाही. आमचं गाव निलंग्याकडचं, पण आई-वडील गेल्यावर गावाशी संबंध उरला नाही. धाकटा भाऊ मिलिंद लातूरला असतो. दिवाळीच्या सुटीत सगळ्या मुली आपापल्या घरी गेल्या, वसतिगृहाला कुलूप लावून मी लातूरला भावाकडे निघाले. नांदेडला गाडी बदलायची होती. मधे तासभर वेळ होता, म्हणून भाचीसाठी ड्रेस घ्यावा असं मनात आलं आणि स्टँडसमोरचा रस्ता ओलांडायला लागले.

पांढरी गाडी आठवते. ब्रेकचा आवाज आठवत नाही. मी खाली पडले होते आणि माझी डावी चप्पल बरीच लांब जाऊन पडली होती. ती कुणीतरी उचलून आणावी, एवढंच मी सारखं म्हणत होते. गाडीतून एक म्हातारे गृहस्थ उतरले. डोक्यावर पांढरी टोपी. माझ्या पाठीखाली हात घालताना त्यांच्या घड्याळाचा पट्टा माझ्या केसात अडकला. "म्याडम, डोळे मिटू नगा," ते म्हणत होते. दोघा-तिघांच्या मदतीनं त्यांनी मला त्याच गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. पळून जाता आलं असतं. ते पळाले नाहीत. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना हे विसरायला नको.

*

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी डॉक्टर खुर्ची ओढून बसले. राउंडला ते कधी बसत नसत, उभ्याउभ्याच बोलत.

"मांडीतली सळई व्यवस्थित बसली आहे. खुबाही जुळेल," ते म्हणाले. "पण पाय थोडा आखूड राहणार. पाऊण इंच धरून चला. खाली बसणं, मांडी घालणं, तासन्‌तास उभं राहणं, हे आता जमणार नाही."

"माझं काम उभं राहायचंच आहे," मी म्हणाले.

"बसून करता येईल असं काही बघा."

त्यांनी कागदावर दोन पायांचं चित्र काढून दाखवलं. एक लांब, एक आखूड. चित्र अगदी लहान मुलानं काढावं तसं होतं. कागद माझ्या हातात देऊन ते पुढच्या खाटेकडे गेले. त्या क्षणी मला कुणाचा तरी हात धरायचा होता. खाटेजवळ स्टूल होतं, स्टुलावर पाण्याची बाटली होती, आणि कुणी नव्हतं.

मिलिंदला फोन केला. तो पहिले चार दिवस माझ्याजवळ राहून आदल्या दिवशीच लातूरला परतला होता. भाचीचं बारावीचं वर्ष, तिची सकाळ-संध्याकाळची शिकवणी, वहिनीची पाठदुखी, सगळं खरं होतं. "अक्का, रविवारी येतो," तो म्हणाला. मग, "पाऊण इंच म्हणजे लई न्हाई गं. बुटात घालता येतं काहीतरी." त्यानं धीर द्यायलाच म्हटलं होतं. मी फोन ठेवला आणि चादर तोंडावर ओढली.

रविवारी तो आला. त्याच्या पुढच्या रविवारी आला नाही.

*

दवाखान्यात दिवस पहाटे पाचला सुरू होतो. मावशी पुसायला येतात, मग सिस्टर बीपी बघायला, मग चहा. सहापर्यंत सगळं उरकलेलं असतं आणि पुढे अख्खा दिवस पसरलेला असतो. आमच्या खोलीत तीन खाटा होत्या. बाकी दोघींकडे दिवसभर माणसं. शेजारच्या बाईची सून, नणंद, जाऊ पाळी लावून बसायच्या, डबे उघडायच्या, मलाही विचारायच्या, "तुमचं कोण न्हाई का हो?" वाईट हेतूनं नाही. पण दिवसातून तीनदा हा प्रश्न ऐकल्यावर मी झोपेचं सोंग घ्यायला लागले.

बेडपॅन मागणं मला सर्वांत जड जायचं. एक मावशी होत्या, त्या काही न बोलता यायच्या आणि माझ्या तोंडाकडे न बघता पडदा ओढायच्या. एका दुपारी एका सिस्टरनं प्लास्टिकची पिशवी मानेखाली धरून माझे केस धुतले, तिची ड्यूटी संपल्यानंतर. या दोन बायकांची नावं मी विचारली नाहीत, याची आजही चुटपुट लागते.

आणि रोज अकरा वाजता माणिकराव काका यायचे. गाडी चालवत होते ते.

अर्धापूरच्या बाजूला त्यांचं गाव, केळीची बाग. वय पासष्टच्या आसपास. गाडी मुलाची, प्रशांतची, नवी घेतलेली. अपघातानंतर काका तिला हात लावत नव्हते, बसनं यायचे. पहिल्या दिवशी दारातच उभे राहिले. मी म्हटलं, "या." मग स्टुलावरची बाटली खाली ठेवून बसले आणि कापडात बांधलेला डबा काढला. ज्वारीची भाकरी, वरण, शेपूची भाजी.

"घरची हाय," ते म्हणाले. "मंडळीनं दिलीय. तिखट कमी घाल म्हणलं."

मला खरं तर राग यायला हवा होता. भूक लागली होती, मी जेवले.

ते फार बोलायचे नाहीत. एक्स-रे आणायला जायचे, औषधं घेऊन यायचे, पंखा बंद पडला की कुणालातरी हुडकून आणायचे. एकदा वॉकर मिळत नव्हता तर तीन मजले फिरून घेऊन आले. बाकी वेळ गुडघ्यावर हात ठेवून बसायचे. माझी आई ज्यांच्या शेतात निंदायला जायची, त्या घरी तिला पाणी वरून ओंजळीत ओतायचे. तसल्याच घरातला माणूस माझं खरकटं ताट उचलून धुवायला नेत होता. आईला हे सांगता आलं असतं तर तिनं आधी विश्वासच ठेवला नसता, आणि मग विचारलं असतं, कशासाठी गं करतोय तो?

मलाही तेच वाटायचं. कशासाठी? केस होईल या भीतीनं? एकदा विचारलंच.

"काका, तुम्ही रोज कशाला येता?"

"घरी बसवत न्हाई," ते म्हणाले.

या उत्तरातून कोणताही अर्थ काढता आला असता. पण साडेदहा वाजले की मी केस नीट करून दाराकडे बघायला लागते, हे माझ्या लक्षात आलं होतं. दिवसभरात माझ्यासाठी दार उघडायचं ते फक्त त्या एका वेळी.

*

दवाखान्यातून सुटल्यावर लातूरला जायचं ठरलं होतं. वहिनी फोनवर म्हणाली, "या की आत्या, पण आपलं संडास वरच्या मजल्यावर हाय, बघा तुमाला कसं जमतंय." मी म्हटलं, डॉक्टरांनी फिजिओथेरपीसाठी नांदेडमध्येच राहायला सांगितलंय. ते अर्धं खरं होतं. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली घेतली. खाट, गॅस, खुर्ची. काका आठवड्यातून तीन-चारदा तिथंही यायला लागले.

अशाच एका सकाळी ते टोपी काढून हातात फिरवत बसले होते. मग एकदम म्हणाले, "एक सांगू का म्याडम? कुणाला सांगितलेलं न्हाई. पोराला बी न्हाई."

"सांगा."

"माझं लायसन संपून दीड वरीस झालं. नवं करायला डाक्टरचा दाखला लागतोय, डोळे तपासतेत. मी गेलोच न्हाई. उजव्या डोळ्यानं कडंचं दिसत न्हाई मला नीट. तुमी त्याच बाजूनं आल्ता."

"पोलिसांनी लायसन बघितलं नाही?"

"कार्ड दावलं. त्यांनी नंबर उतरवून घेतला, झालं."

मी चहा टाका म्हटलं. त्यांनी टाकला. त्या दिवशी मला त्यांचा राग आला, अगदी खरा, पोटातून. आणि त्याच दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा माणूस भीतीनं येत नाही. भीती असती तर हे मला सांगितलं नसतं.

*

पुढच्या आठवड्यात प्रशांत आला. सोबत एक ओळखीचा माणूस आणि स्टँपपेपर. 'किरकोळ अपघात होता, आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही, यापुढे काही मागणार नाही,' असा मजकूर तयार होता. त्या बदल्यात तो रोख रक्कम देणार होता. सुरुवातीचा दवाखान्याचा खर्च त्यानंच भरला होता, आणि नंतर तो देणं थांबवलं होतं, हेही खरं. हिशेब इथे मांडत नाही. एवढंच, की त्या रकमेत माझं जेमतेम वर्ष निघालं असतं.

"कोर्टात गेलात तर वर्षानुवर्षं जातील, म्याडम," तो म्हणाला. "आन बाबा रोज येऊन राहिले तुमच्याकडं. डबा आणतेत. तेवढं तरी ध्यानात ठिवा."

तोवर मी सही करायच्याच विचारात होते. पैशांचं आधी कानावर आलं होतं, तेव्हा मिलिंदही फोनवर म्हणाला होता, "घेऊन टाक अक्का, वकिलाच्या मागं कोण फिरणार?" पण प्रशांत हे बोलला आणि मी कागद बाजूला सारला. भाकरी, शेपूची भाजी, उचललेलं ताट, सगळं त्यानं त्या कागदाच्या शेजारी आणून ठेवलं होतं. मी म्हटलं, "कागद ठेवून जा. विचार करते."

त्याच आठवड्यात शाळेतून कळलं की माझ्या जागी दुसरी अधीक्षिका घेतली आहे. कंत्राट मार्चपर्यंतच होतं. कुणी काही चुकीचं केलं नव्हतं. मुलींना रात्रंदिवस कुणीतरी लागतं. एका मुलीनं फोनवर विचारलं, "म्याडम, तुमची पेटी कुठं ठिवायची?" मी म्हटलं, "ठेव कुठंही." मग फोन बंद करून भिंतीकडे तोंड केलं.

*

बाकावरच्या एका बाईनं शाहीन मॅडमचं नाव सांगितलं. अपघाताच्याच केसेस घेणाऱ्या वकील. दवाखान्यात माझ्या उशीशी कार्ड टाकून गेलेल्या एका वकिलाच्या एजंटापेक्षा त्या निराळ्या असतील, असं उगाच वाटलं. मला लांब चालता येत नव्हतं म्हणून त्या स्वतः खोलीवर आल्या. खाटेवर बसून सगळे कागद वाचले, प्रशांतचा कागदही.

"यावर सही केलीत तर मग माझ्याकडे येऊ नका," त्या म्हणाल्या. "केली नाहीत तर लवकर ठरवा. सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. चार तर गेले."

"ते काका मला डबा आणतात," मी म्हणाले. हे वकिलालाही कळावं असं मला वाटत होतं.

"आणत असतील. चांगलं आहे. पण तुम्ही डब्यावर अर्ज नाही करून राहिल्या. पायावर करून राहिल्या." मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक आधीच सांगते. ते तुमच्याविरुद्ध लिहितील. चूक तुमची होती असं लिहितील. तसं लिहावंच लागतं त्यांना. वाचून रडत बसू नका. आणि हो, गाडी चालवणाऱ्याचं लायसन चालू होतं का?"

मी खाटेवरचे कागद गोळा करायला लागले.

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्या गेल्यावर मी दोन दिवस वकीलपत्र उशाशी ठेवलं. फोन करून विचारावं असं कुणी नव्हतं. मिलिंदला विचारलं असतं तर त्यानं त्याच्या घाईचं उत्तर दिलं असतं, काकांना विचारता येत नव्हतं. एवढा मोठा निर्णय आणि तो बोलून दाखवायला एक माणूस नाही, हे त्या पायापेक्षा जास्त दुखत होतं. शेवटी मी स्वतःशीच मोठ्यानं बोलले. म्हटलं, काका उद्या यायचे थांबले तर तू कशावर जगशील? आणि दहा वर्षांनी, काका नसतील तेव्हा, हा पाय घेऊन कशावर जगशील? पहिल्या प्रश्नानं रडू आलं. दुसऱ्याचं उत्तर द्यावंच लागलं. मी सही केली.

काकांना नोटीस जाण्याआधी मीच सांगितलं.

"हाव," ते म्हणाले. मग टोपी हातात घेत, "पोरगं लई चिडंल."

"तुमचं ते लायसनचं मी सांगितलं नाही."

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. उठताना म्हणाले, "मंग मी येऊ का नगो?"

"या ना."

"वकील म्हनंल येऊ नगा."

ते आले नाहीत. पहिले दोन दिवस मी अकराला दाराची कडी काढून ठेवली. तिसऱ्या दिवशी काढली नाही. खुर्चीत बसून गॅसवर खिचडी टाकायला शिकले. त्या महिन्यात कित्येकदा असं व्हायचं की संध्याकाळी कुणाचा फोन आला तर आवाजच फुटायचा नाही, कारण सकाळपासून मी एक शब्द बोललेली नसायची.

*

त्यांचं लेखी म्हणणं कोर्टात आलं. शाहीन मॅडमनी त्याची प्रत दिली. 'अर्जदार महिला मोबाइलवर बोलत, वाहतुकीकडे लक्ष न देता अचानक गाडीसमोर धावत आली.' माझा मोबाइल पर्समध्ये होता आणि पर्सची चेन लावलेली होती. पुढे एक वाक्य होतं. 'तरीही प्रतिवादी यांनी माणुसकीच्या नात्याने अर्जदारास वेळोवेळी मदत केली व जेवण पुरवले.' खाली काकांची सही. टपोरी, मराठीत, संपूर्ण नावाची.

मॅडमनी बजावलं होतं तरी मी रडले. मग स्वतःची समजूत घातली की त्यांनी वाचलंच नसेल. प्रशांतनं कागद पुढे केला असेल, सही कर म्हटलं असेल. म्हाताऱ्या माणसाला एवढं बारीक टायपिंग कुठं दिसतं? पुढे अकरा महिने मी ही समजूत जपली. तिचा मला आधार होता.

लायसनचं गाडीच्या विमा कंपनीनं स्वतःच शोधून काढलं. पोलिसांच्या कागदांत नंबर होताच, त्यावरून तारीख निघाली. मॅडमनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

त्या रागावतील वाटलं. त्यांनी फाइल बंद केली आणि म्हणाल्या, "चहा घेणार?"

बाकावर मला कुणी सांगितलं नाही ते सांगते. मी वकील केला हे बरोबर केलं. वकील नसता तर तो कागद मी सही करून दिला असता आणि आज भावाच्या दारात असते. पण त्यानंतरचा एकटेपणा मीच सही करून घेतला होता, हेही तितकंच खरं. दोन्ही धरून ठरवा.

*

लोकअदालतीत प्रकरण मिटलं. शनिवार होता, कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर जत्रेसारखी गर्दी. टेबलाभोवती सगळे बसले आणि दहा-पंधरा मिनिटांत आकडा ठरला. विमा कंपनी मला पैसे देणार, आणि लायसन संपलेलं होतं म्हणून त्यातला काही भाग नंतर गाडीमालक प्रशांतकडून वसूल करणार. प्रशांत माझ्याकडे न बघता सही करून तरातरा निघून गेला. काका मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. खूप वाळले होते.

मॅडम पुढच्या केससाठी थांबल्या. लिफ्टपाशी रांग होती, म्हणून मी काठी घेऊन जिन्याकडे गेले. चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं. कठडा धरून पहिली पायरी उतरले आणि बघते तर काका माझ्या पुढच्या पायरीवर. त्यांनी हात पुढे केला नाही. तोंड अर्धवट माझ्याकडे करून, आडवे आडवे, एकेक पायरी माझ्या आधी उतरत राहिले. मी पडले असते तर त्यांच्या अंगावर पडले असते. लोक बाजूनं जात होते, कुणी वैतागत होतं. आम्ही दोघं तसेच दोन मजले उतरलो.

खाली आल्यावर ते म्हणाले, "लायसनचं तुमी सांगितलं न्हाई. कंपनीनंच हुडकलं, वकिलानं सांगितलं मला."

"नाही सांगितलं."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. "म्याडम, त्या कागदावर मी सही केली. तुमी मोबाइलवर बोलत व्हता म्हणून."

"जाऊ द्या काका. तुम्ही वाचलं नसेल."

हे मी त्यांच्यासाठी बोलले की माझ्यासाठी, मला सांगता येणार नाही. ते नुसतं 'हाव' म्हणाले असते तरी चाललं असतं. मी ते मानलं असतं, आणि दोघंही सुटलो असतो.

"वाचलं व्हतं," काका म्हणाले. "दोनदा वाचलं. मंग केली."

बाहेर गेटापाशी प्रशांत गाडी चालू करून हॉर्न वाजवत होता. काकांनी हात जोडले. माझ्या एका हातात काठी होती, मी दुसरा हात वर केला. ते गर्दीतून वाट काढत गेले, मागच्या सीटवर बसले, आणि काच वर केली.